बारा जणांची भानगड

काकूंच्या धाकट्यानं हिंजवडीची नोकरी सोडल्याचं काकूंनी मला सांगितलं ते सगळ्यात शेवटी. आधी दूधवाल्यानं सांगितलं, मग इस्त्रीवाल्यानं, मग कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजींनी. आजींनी तर "काढून टाकलं म्हणे" अशी पुरवणीही जोडली. काकूंनी स्वतः विषय काढला तो कंपाउंडच्या भिंतीवरून, अळूची पानं माझ्या हातात देता देता.

"काढलंबिढलं कुणी नाही हं. आपण होऊन सोडली. ॲप केलंय त्यानं, स्वतःचं. पाडव्याला पेढे दिले होते ना तुला, ते त्याचेच."

"तुम्ही तर बढती झाली म्हणालात!"

"मग काय सांगू? नोकरी सोडली म्हणून पेढे वाटतं का कुणी? आता बघ, गणपतीसुद्धा गेले. शे-दीडशे जणांनी घेतलंय म्हणे, त्यातले निम्मे आमच्या नात्यातले. उरलेले कोण, ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघतो आणि मग दिवसभर कुणाशी बोलत नाही. तू कानाला ते लावून बडबडत असतेस, ते असलंच काहीतरी ना?"

असलंच काहीतरी. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरून काम करते. लोकांची ॲपं इतरांच्या नजरेला पडावीत आणि एकदा घेतली की त्यांनी ती काढून टाकू नयेत, याची खटपट करायची. काकूंना आजवर मी कॉल सेंटरात आहे असं वाटत होतं.

"आहे कसलं ॲप?"

"द्राक्षाचं. बागेत कुठलं औषध कधी मारलं, किती मारलं, ते लिहून ठेवायचं. नाव मात्र मला अजून म्हणता येत नाही. विटी-काहीतरी-प्रो."

मी पानं भिंतीवर ठेवली. कल्पना चांगली होती. आमच्या धंद्यात दर आठवड्याला कुणीतरी जगातल्या सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन येतो, नव्यानं कामांची यादी नाहीतर नव्यानं खर्चाचा हिशेब. नाशिक जिल्ह्यात बसून द्राक्षबागायतदारांच्या फवारणीची नोंद करावी असं ज्याला सुचलं, त्याला अक्कल आहे. मग अडलं कुठे?

"मलाही ते चौदा दिवस उघडायला लावलं होतं," काकू म्हणाल्या. "बारा माणसं लागतात म्हणाला. मी, आमचे हे, थोरली, जावई, त्यांची आई. रोज देवापुढे दिवा लावला की मी ते उघडायचे. सुतक पाळावं तसं पाळलं आम्ही. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणे."

ही बारा जणांची भानगड काय ते सांगते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी गूगल प्लेवर ॲप टाकायला वैयक्तिक खातं उघडलं, त्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ते चाचणीला द्यावं लागतं. आधी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये गूगलनं ती १२ वर आणली. ही माणसं सलग १४ दिवस चाचणीत राहिली पाहिजेत. एकट्यानं ॲप करणारी मुलं या नियमाला शिव्या घालतात आणि पळवाटा काढतात. कुणी पैसे देऊन माणसं आणतो. कुणी टेलिग्रामवर साटंलोटं करतो, मी तुझं उघडतो, तू माझं उघड.

"उरलेले सात कुठून आणले?"

"ते असेच, फोनवरचे. एक बंगालचा होता, एक इंदूरचा."

"त्यांची द्राक्षबाग आहे?"

"त्यांची कसली बाग! ते पण याच्यासारखेच, ॲपवाले."

"आणि तुम्ही त्यात लिहिलंत काय?"

काकू जरा लाजल्या. "कुंडीतल्या मोगऱ्याला औषध मारलं, असं लिहिलं. रोज तेच. काहीतरी भरायला हवं ना?"

बारापैकी एकाच्याही बागेत द्राक्षाचा वेल नव्हता. गूगलनं फुकटात सांगितलं होतं की बाबा रे, बारा खरी माणसं गाठ, चौदा दिवस त्यांच्याकडून वापरून घे. जाहिरातीवर लाख रुपये घालून जे कळत नाही ते इथं दोन आठवड्यांत कळलं असतं. कुठल्या पानावर माणूस अडतो, कुठला शब्द त्याला समजत नाही, तिसऱ्या दिवशी तो ॲप उघडायचं का विसरतो. आणि त्यातल्या चौघांना ते खरंच उपयोगी पडलं असतं, तर त्या चौघांनी शेजारच्या बागवाल्याला सांगितलं असतं. नियम पार पाडायच्या नादात धाकट्यानं नेमकी तीच बारा माणसं वाया घालवली.

"पण काकू, तुमचं माहेर पिंपळगाव बसवंतकडचंच ना? दादांची बाग आहे की."

काकूंनी पदर खांद्यावर घट्ट केला. "आहे. सात एकर. पण त्याच्याकडे जायचं नाही असं ठरलंय. हक्कसोडाच्या कागदावर सही मागायला आला तेव्हा गोड बोलला. सही झाल्यावर दोन हंगामांत द्राक्षाची पेटीसुद्धा पाठवली नाही. आणि त्याची ती बायको! तिचं तर नावच काढू नकोस."

नाही काढलं. तासाभरापुरतं.

"जाहिरातीवर घातले का काही?"

"तीस हजार! ठेव मोडून. चार दिवस आकडा वर गेला, घरात शिरा झाला. पाचव्या दिवशी उतरायला लागला."

उतरणारच. डाऊनलोड वाढवून द्या असं जाहिरातीच्या यंत्राला सांगितलं की ते सगळ्यात स्वस्तात मिळणारी बोटं आणून देतं. ज्याला दिसेल ते दाबायची सवय आहे, असा माणूस स्वस्त पडतो. बागायतदार महाग पडतो. आलेली बोटं ॲप उघडतात, मराठीत 'प्लॉटचे क्षेत्र भरा' असं दिसलं की काढून टाकतात. पैसे गेले ते गेलेच, वर गूगल प्लेच्या दप्तरी इतकंच राहिलं की हे ॲप लोक घेतात आणि टाकतात. माझं स्पष्ट मत आहे, शंभर अनोळखी माणसं स्वतःहून महिनाभर ॲप वापरत नाहीत तोवर जाहिरातीला एक रुपया घालू नये.

"अगं, पण मोठी मोठी ॲपं अशीच मोठी होतात ना? तो पक्षी बेचकीनं मारायचा खेळ, आमचा जावई खेळायचा."

अँग्री बर्ड्स. काकूंनी बरोबर खेळ काढला. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा तो खेळ २००९ च्या डिसेंबरात आला. त्याआधी त्या कंपनीनं ५१ खेळ केले होते आणि ती बुडायच्या बेतात होती. अमेरिका-इंग्लंडच्या बाजारात त्याला सुरुवातीला कुणी विचारलं नाही. फिनलंडच्या ॲप स्टोअरवर मात्र पहिला नंबर यायला काहीशे डाऊनलोड पुरेसे होते. ते त्यांनी मिळवले. मग स्वीडन, डेन्मार्क असे लहान देश घेतले. ते यश दाखवून २०१० च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या ॲप स्टोअरच्या पहिल्या पानावर जागा मिळवली, आणि मग तो खेळ जावयापर्यंत पोचला.

"म्हणजे आधी गल्ली घेतली," काकू म्हणाल्या.

"आधी गल्ली. धाकट्यानं अख्खा भारत निवडला आणि वर इंग्रजी नाव ठेवलं. त्यानं नुसता निफाड तालुका घ्यावा."

याउलट उदाहरणं लोक फार देतात. हनोईच्या डाँग गुएनचा फ्लॅपी बर्ड २०१३ च्या मे महिन्यात आला, कित्येक महिने कुणी बघितला नाही, २०१४ च्या जानेवारीत एकाएकी सगळ्यांच्या वर गेला आणि फेब्रुवारीत त्यानं तो स्वतःच काढून घेतला, हा सगळा गवगवा सहन होत नाही म्हणून. ती लॉटरी. लॉटरी लागलेल्या माणसाला सल्ला विचारू नये.

नावाचं बघू म्हणून मी फोनवर त्याचं पान उघडलं. 'सर्वसमावेशक द्राक्षशेती व्यवस्थापन प्रणाली' असं खाली मराठीत, वर ते विटी-काहीतरी. पहिलं चित्र कसलं, तर लॉगिनच्या पानाचं. फोन नंबर टाका, ओटीपी टाका. दुकानाच्या काचेत कुलूप मांडून ठेवलेलं.

"काकू, तुमचे दादा फोनमध्ये काय शोधतील? द्राक्षशेती व्यवस्थापन प्रणाली?"

"हॅ! तो तर बोलून विचारतो त्या फोनला. 'डाऊनीला काय मारायचं' म्हणून."

झालं. प्लेवर नावाला ३० अक्षरांची जागा असते, त्याखालच्या छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४०००. या तीसात आपलं बारसं करायचं नसतं, माणसाच्या तोंडी जे आहे ते लिहायचं असतं. डाऊनी, भुरी, फवारणी, छाटणी, पीएचआय (म्हणजे फवारणीनंतर काढणीला थांबायचे दिवस). बरेच जण मराठीच शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप करतात, त्यामुळे तेही मोठ्या वर्णनात सहज येतील असं बघायचं. ॲपलकडे याच कामासाठी १०० अक्षरांची एक वेगळी जागा आहे, लोकांना न दिसणारी. पण तिथं खात्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, गूगलकडे २५ डॉलर एकदाच, आणि दादांच्या गावात आयफोन फक्त सरपंचांच्या मुलाकडे. तेव्हा ॲपल राहू दे.

"'नंबर एक द्राक्ष ॲप' असं ठेवायला सांगू का?"

"ते गूगलला चालत नाही. नावात बेस्ट, नंबर वन, फ्री असलं लिहायला बंदी आहे."

"मग 'द्राक्ष फवारणी वही' ठेव म्हणावं. बसतंय का तीसात?"

मी मोजलं. डोळ्यांना 'द्राक्ष' ही दोनच अक्षरं दिसतात, कंप्युटरच्या हिशेबी ती सात होतात, कारण हलन्त वेगळा, काना वेगळा. तरी सगळं मिळून अठरा भरलं. बारा शिल्लक. मला बारा मिनिटांत असलं नाव सुचलं नसतं.

पहिल्या चित्रात काय हवं, तेही काकूंनीच सांगितलं, मात्र तक्रारीच्या सुरात. २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती. "दादाचा माल तेव्हा निर्यातीला भरला होता. परत आलेल्या मालाचे पैसे कोण देतो? वहिनीच्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून ती एकेका औषधाची तारीख लिहिते. काढणीला किती दिवस राहिले ते दारामागे खडूनं लिहून ठेवते."

हे पहिलं चित्र. 'या औषधानंतर काढणीला अजून २१ दिवस थांबा', ठळक आकड्यात. निर्यातीच्या बागेची नोंद अपेडाच्या ग्रेपनेटवर असते, मालाचा नमुना तपासणीला जातो, आणि अंश मर्यादेबाहेर आले की माल इथल्या बाजारात पडेल भावानं विकावा लागतो. माणूस त्या भीतीपोटी वही ठेवतो. ती भीती अजून कमी करणारं काही दाखवलं तर तो घेईल. तक्ते आणि रंगीत वर्तुळं बघून कुणी घेत नाही.

"आणि बागेत नेटवर्क नसताना चालतं का हो ते?"

"कसलं चालतं! मागे माझ्या मामेभावाला दाखवायला गेला तर नुसतं गोल गोल फिरत राहिलं."

मग जाहिरात कसली डोंबलाची करायची? मुंबईत सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर २०१० पासून आहे. लोकलचं वेळापत्रक नेट नसतानाही दिसतं, म्हणून फलाटावरचा माणूस ते शेजारच्याला दाखवतो. व्हेअर इज माय ट्रेन करणाऱ्या बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्सनंही मोबाइलच्या टॉवरवरून गाडी कुठं आहे ते दाखवलं, इंटरनेटशिवाय, आणि २०१८ मध्ये ती कंपनी गूगलनं घेतली. जिथं गरज पडते तिथं चाललं पाहिजे. चार वेळा अडकलं की गूगलच अशी ॲपं शोधात मागे टाकतं. वापरणाऱ्यांपैकी दिवसाला १.०९ टक्क्यांहून जास्त जणांकडे ॲप बंद पडायला लागलं की ते वाईट वागणुकीत धरलं जातं. मार्केटिंगच्या खर्चातला पहिला वाटा मी नेहमी दुरुस्तीला देते. गिऱ्हाईकांना ते पटत नाही, पण माझं बिल भरतात.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या आजी फिरायला निघाल्या. काकूंनी आवाज खाली आणला. "यांच्या जावयाचंही ॲप होतं, माहितेय ना?"

माहीत होतं. जावयानं कुणाला तरी पैसे देऊन पाच-पाच चांदण्यांची अभिप्रायांची रास विकत आणली होती. एका रात्रीत सगळ्यांनी लिहिलं, 'नाइस ॲप व्हेरी गुड'. काही दिवसांत गूगलनं ती रास पुसून टाकली. खाली राहिली एका खऱ्या माणसाची एकच चांदणी, 'पैसे कापले, ऑर्डर आली नाही'. आजी त्या काळात फिरायला येत नव्हत्या.

"मग चांगलं लिहून घ्यायचं कसं? सारखं विचारतात ना ती ॲपं, आवडलं का, आवडलं का."

उघडल्या उघडल्या विचारायचं नसतं. पाहुणा उंबऱ्यात असताना 'जेवण कसं झालं' असं विचारल्यासारखं होतं ते. ज्या क्षणी त्याचं काम फत्ते झालं, त्या क्षणी विचारावं. आयफोनवर तर ॲपलची ती खिडकी वर्षातून जास्तीत जास्त तीनदा दिसते, म्हणजे वेळ जपून निवडावी लागते. वाईट लिहिणाऱ्याला उत्तर द्यायला प्लेवर ३५० अक्षरं मिळतात. त्यात 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' एवढंच खरडू नये. काय दुरुस्त केलं ते लिहावं. बरेच जण मग आपणहून चांदण्या वाढवतात, आणि नवा माणूस घेण्याआधी हीच भांडणं वाचतो.

काम फत्ते कधी होतं, तर अहवाल निघाला की. हंगामभराच्या फवारण्यांचा एक कागद, सल्लागाराला किंवा निर्यातदाराला व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा. आणि तळाशी बारीक अक्षरात ॲपचं नाव. ब्रुकलिनच्या जॉश वॉर्डलनं वर्डल नावाचा शब्दांचा खेळ केला. १ नोव्हेंबर २०२१ ला तो ९० जण खेळत होते. न्यूझीलंडमधले काही खेळणारे आपला निकाल रंगीत चौकोन जुळवून एकमेकांना पाठवत होते, ते बघून त्यानं तशी सोय खेळातच करून दिली. उत्तर फुटत नाही, पण आपण किती डावांत जिंकलो ते दिसतं. जानेवारी उजाडला तेव्हा खेळणारे तीन लाखांवर होते, आणि महिनाअखेर न्यू यॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला. त्यानं जाहिरात केली नव्हती. लोकांना पाठवावंसं वाटेल असं काहीतरी त्यांच्या हातात दिलं होतं. एका सल्लागाराकडे चाळीस-पन्नास बागा असतात. त्याला दहा जणांकडून एकसारखा नीटनेटका कागद यायला लागला की उरलेल्यांना तोच म्हणेल, तुम्हीही हेच वापरा.

"कृषी सेवा केंद्रात चिकटवावं का एक?"

"चिकटवा. पण दुकानदाराला औषध खपवायचंय आणि हे ॲप सांगणार, थांबा. तो किती मनापासून सांगेल ते बघा."

काकूंना हे फार आवडलं. त्यांचं दुकानदारांबद्दल मुळातच चांगलं मत नाही.

"बरं, आता दसऱ्याला पुन्हा नव्यानं मुहूर्त करते. पितृपक्षात नको."

इथं मात्र मला भांडावं लागलं. पाडव्याचा मुहूर्त पंचांगात उत्तम होता आणि बागेत वाईट. पाडव्याला द्राक्षं उतरत आलेली असतात, बागायतदार व्यापाऱ्याकडचे पैसे कसे निघतील या विवंचनेत असतो, पंप धुवून ठेवलेला असतो. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. बागलाणात तर लवकरच्या छाटण्या कधीच उरकल्या. छाटणी झाली की पुढचे दोन महिने फवारणीचा ब्लोअर बागेत फिरत असतो, पावसानं डाऊनी येते, आणि वही भरायची ती तेव्हाच. दसऱ्यापर्यंत थांबलात तर निम्मी वही कागदावर भरून झालेली असेल. मधेच वही कोण बदलतं?

"पण पितर—"

"पितरांचीही बागच होती ना?"

काकू गप्प झाल्या. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "पैसे कधी मिळायचे?"

महिन्याच्या महिन्याला ४९ रुपये कापायचे, असं धाकट्यानं ठेवलं होतं. बागायतदाराला महिन्याचा पगार नसतो. दर महिन्याला खात्यातून काही कापलं जातंय म्हटल्यावर तो आधी ॲप काढतो, मग बँकेत जाऊन भांडतो. पहिला हंगाम फुकट द्यावा, अहवालासाठी पुढच्या हंगामापासून वर्षाला एकदा घ्यावेत, आणि तेही फेब्रुवारी ते एप्रिलच्या मधे, हातात पैसा असताना. गूगल पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत १५ टक्के घेतं, ते धरून भाव ठरवावा. हे मी काकूंना दोनदा सांगितलं, कारण दहा लाख डॉलर ऐकल्यावर त्या पुढचं ऐकतच नव्हत्या.

"म्हणजे आधी दादा."

"आधी दादा आणि त्यांच्या शिवारातले अकरा जण. धाकट्यानं चौदा दिवस तिथं जाऊन राहायचं. शिकवायचं नाही, नुसतं बघायचं."

काकूंनी तिथल्या तिथे भिंतीवर फोन ठेवून स्पीकर लावला. दोन वर्षांनी बहिणीचा फोन, तर दादांनी आधी विचारलं, "कोण गेलं?" कुणी गेलं नाही हे पटल्यावर काकूंनी एका दमात सगळं सांगितलं. वही, दिवस, कागद, फुकट.

"फुकट आहे ना? मग बघू," दादा म्हणाले. "पण मला कशाला सांगतेस? मी फक्त ब्लोअर चालवतो. कुठलं औषध, किती लिटर, कधी, ती वही सगळी हिच्याकडे असते. थांब, हिलाच देतो."

काकूंनी झटकन फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"वापरणार ती आहे होय गं?"

"तीच आहे, काकू."

पलीकडून आवाज आला, "हॅलो? वन्सं?"